हिमगाडीचा दिवा बदलताना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, कॅनडाच्या सीमेजवळ, मिनेसोटा राज्यात रोझो नावाचे एक लहान गाव आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथील दिवस साडेआठ तासांचाही नसतो. दुपारचे साडेचार वाजतात न वाजतात तोच सूर्य मावळतो. शेते, तळी, पायवाटा सारे बर्फाखाली गेलेले असते आणि तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरते. अशा मुलखात शेजारच्या वस्तीवर जायचे, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जायचे किंवा नुसते भटकायचे म्हटले, तरी उपयोगी पडते ती हिमगाडी. इंग्रजीत तिला स्नोमोबाइल म्हणतात. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा पण रबराचा एक रुंद पट्टा, वर स्कूटरसारखी बैठक आणि हातात हँडल, असे तिचे रूप असते. हिमगाड्यांच्या मोठ्या कारखान्यांपैकी पोलॅरिसचा कारखाना या रोझो गावातच आहे.

या वाहनाचा जन्मही निकडीतूनच झाला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वालकूर येथे जोसेफ-आर्मां बाँबार्दिए हा तरुण मेकॅनिक बर्फावर चालणाऱ्या वाहनाच्या खटपटीत होता. १९३४ च्या जानेवारीत त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले असल्याने त्याला इस्पितळात नेता आले नाही आणि तो दगावला. बाँबार्दिएने खटपट सोडली नाही. दातेरी चाकांवर फिरणाऱ्या पट्ट्याचे पेटंट त्याला १९३७ मध्ये मिळाले, आणि एक-दोन माणसांनी बसायची हलकी ‘स्की-डू’ गाडी १९५९ मध्ये बाजारात आली. आपल्याकडे गुलमर्गला गेलेल्यांनी अशा गाड्या पाहिल्या असतील. गोव्यातील वास्को येथील संस्थेमार्फत अंटार्क्टिकावर जाणाऱ्या भारतीय मोहिमांनीही त्या वापरल्या आहेत. तेथील आपल्या मैत्री या केंद्रावर हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. तेव्हा हिमगाडीला दिवा किती महत्त्वाचा, हे वेगळे सांगायला नको.

आता असे पाहा. १९८०-९० च्या दशकांत बनलेल्या कित्येक हिमगाड्या आजही चालू आहेत. त्यांचा हेडलाइट तारेच्या बल्बचा असतो आणि तो पिवळट व मंद वाटतो. मालक बाजारातून एल.ई.डी.चा बल्ब आणतो. खोक्यावर लिहिलेले असते: ‘जुना काढा, नवा बसवा’. तो तसे करतो आणि मग चमत्कारिक गोष्टी घडू लागतात. इंजिन हळू चालताना दिवा लुकलुकतो. समोरून येणारा हिमगाडीवाला डोळ्यांवर हात धरतो. तासाभराने दिव्याच्या काचेवर बर्फाचे लोणी थापल्यासारखे होते. कधी कधी तर मागचा लाल दिवाच उडतो, आणि त्याला कोणी हातही लावलेला नसतो! बल्ब खराब निघाला, असे म्हणून मालक मोकळा होतो. पण बल्ब उत्तम असतानाही हे सारे घडू शकते. कसे, ते क्रमाक्रमाने पाहू.

तार आणि डायोड

जुन्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. विद्युत्‌प्रवाहाने ती तापते आणि तापल्यामुळे प्रकाशते. हॅलोजन बल्बमध्ये तिचे तापमान तीन हजार अंश केल्व्हिनच्या वर जाते. इतके तापूनही तिच्याकडून येणारी बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात असते. मोटारींत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एच-४ नावाच्या बल्बचे उदाहरण घ्या. त्याची खालच्या झोताची तार ५५ वॉट शक्ती घेते आणि सुमारे १,००० ल्युमेन प्रकाश देते. म्हणजे वॉटमागे जेमतेम १८ ल्युमेन. डॅशबोर्डमधील ५ वॉटचा चिमुकला बल्ब तर ५० ल्युमेनच, म्हणजे वॉटमागे १० ल्युमेन देतो.

एल.ई.डी. म्हणजे प्रकाश देणारा डायोड. यात काही तापवावे लागत नाही. अर्धसंवाहकाचे दोन थर जेथे मिळतात, त्या संधीवर इलेक्ट्रॉन एका ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर येतो आणि ऊर्जेतील फरक प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडतो. लाल प्रकाशाचा व्यवहारोपयोगी डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये बनविला. तेजस्वी निळा मात्र १९९० च्या दशकापर्यंत कोणाला साधला नव्हता. तो साधणाऱ्या आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा पांढरा एल.ई.डी. हा मुळात निळाच असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या स्फुरद्रव्याचा लेप असतो, आणि निळा व पिवळा मिळून डोळ्यांना पांढरे दिसते. त्याच्याकडून वॉटमागे १०० ल्युमेन सहज मिळतात. म्हणजे २५ वॉटचा चांगला एल.ई.डी. ५५ वॉटच्या हॅलोजनच्या दुपटीहून अधिक प्रकाश देऊ शकतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. काही खोक्यांवर ‘२५ वॉट, २०,००० ल्युमेन’ असे छापलेले आढळते. भागाकार करा: वॉटमागे ८०० ल्युमेन होतात. एक वॉट प्रकाशऊर्जा सगळीच्या सगळी डोळ्यांना सर्वांत ठळक जाणवणाऱ्या हिरव्या रंगात ओतली, तरी ६८३ ल्युमेनच मिळतात. ती निसर्गाचीच मर्यादा आहे. पांढऱ्या प्रकाशाला तर ती याहून बरीच खाली आहे. तेव्हा असल्या खोक्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते सातवीतला मुलगाही भागाकार करून सांगू शकेल.

तार आणि डायोड यांत आपल्या दृष्टीने महत्त्वाचे फरक दोन. तारेतून प्रवाह कोणत्याही दिशेने जाऊ द्या, ती तापते. डायोड मात्र एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो. दुसरे असे, की तारेच्या अंगी उष्णतेची शिल्लक असते. क्षणभर प्रवाह थांबला तरी ती विझत नाही. एल.ई.डी.ला अशी शिल्लक नाही. प्रवाह थांबला की त्याच क्षणी अंधार.

वीज येते कोठून?

घरच्या मोटारीत बॅटरी असते. जुन्या हिमगाड्यांपैकी बहुतेकींत ती नसतेच. दोरी ओढून इंजिन चालू करायचे. थंडीत बॅटरीची ताकद घटते, शिवाय वजनही वाढते, म्हणून ती गाळलेली. इंजिनाच्या दांड्यावर एक जड चक्र असते. त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसविलेले असतात. चक्र फिरले की स्थिर कॉइलसमोरून चुंबकाचे उत्तर व दक्षिण ध्रुव पाळीपाळीने जातात आणि फॅरडेच्या नियमानुसार कॉइलमध्ये वीज उत्पन्न होते. याला मॅग्नेटो म्हणतात. ज्यांच्या घरी बॅटरी नसलेली जुनी बजाज स्कूटर किंवा लूना होती, त्यांना हे सांगायला नको. चौकात गाडी थांबली की दिवा मंद व्हायचा, रेस दिली की मोठा व्हायचा. हिमगाडीचेही अगदी तसेच.

ही वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सारखी उलटसुलट होते. किती वेळा? समजा, चक्रावर चुंबकध्रुवांच्या दोन जोड्या आहेत. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे करीत नुसते धडधडते आहे, म्हणजे सेकंदाला २५ फेरे. दर फेऱ्याला दोन आवर्तने, म्हणून सेकंदाला ५० आवर्तने. गाडी भरधाव निघाली आणि फेरे मिनिटाला ७,५०० झाले, की २५० आवर्तने. तारेच्या बल्बला याचे सुखदुःख नाही. पण साधा एल.ई.डी. जोडला, तर तो प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्यातच प्रकाशेल आणि दुसऱ्या अर्ध्यात विझेल. वेगात हे जाणवत नाही. मंद चालीत, विशेषतः इंजिन अडखळत असताना, दिवा थरथरतो. शिवाय उलट्या अर्ध्यात डायोडवर उलटा दाब येतो, तोही धोक्याचा. बहुतेक एल.ई.डी. सुमारे ५ व्होल्टच उलटा दाब सोसतात.

उपाय ठाऊक असेलच: चार डायोडांचा पूल. त्याला मेकॅनिक रेक्टिफायर म्हणतात. चार डायोड अशा रीतीने जोडायचे, की कॉइलचे कोणतेही टोक धन असले तरी दिव्यातून प्रवाह एकाच दिशेने जावा. त्यापुढे एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, जोडले की लहरींतील खळगे भरून निघतात. वाटते तितके हे सोपे मात्र नाही. जुन्या हिमगाडीत कॉइलचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला, मेकॅनिकच्या भाषेत बॉडीला, अर्थ केलेले असते. आणि दिव्यांचा परतीचा मार्गही बॉडीच असते. आता पुलाचे ऋण टोक बॉडीला जोडले तर काय होईल? आकृती काढून पाहा. कॉइलचे दुसरे टोक ज्या अर्ध्या आवर्तनात ऋण असते, त्यात प्रवाहाला बॉडीतून एका डायोडमार्गे थेट त्या टोकाकडे परतायला मोकळी वाट मिळते. वाटेत दिवा नाहीच! कॉइल आपल्यातच मिटते. म्हणून पूल बसविण्याआधी कॉइलचे बॉडीला जोडलेले टोक सोडवून वेगळ्या तारेने बाहेर काढावे लागते. अनेकांची धडपड येथेच फसते. ज्या एल.ई.डी. बल्बच्या पोटातच पूल असतो, त्यांच्या खोक्यावर ए.सी. व डी.सी. दोन्ही चालते असे लिहिलेले असते. ते बसविणे त्यामुळे सोपे जाते.

दुसऱ्याचाच दिवा का उडतो?

आता त्या उडालेल्या लाल दिव्याकडे वळू. हा भाग थोडा अवघड आहे, पण सगळ्यात गमतीचा.

मॅग्नेटोच्या कॉइलमध्ये निर्माण होणारा दाब इंजिनाच्या फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट, दाब दुप्पट. मग प्रवाहही दुप्पट होईल का? नाही. कॉइल ही लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तार असल्याने बदलत्या प्रवाहाला ती स्वतःच विरोध करते. हा विरोधही आवर्तनांच्या संख्येच्या, म्हणजे फेऱ्यांच्या, प्रमाणात वाढतो. वर दाब दुप्पट, खाली विरोध दुप्पट, भागाकार तोच. म्हणून भरधाव वेगात मॅग्नेटो जवळजवळ ठरावीक प्रवाह देऊ पाहतो. १९७० च्या सुमाराच्या लहान गाड्यांची कॉइल ७५ वॉटची असे. १२ व्होल्टला याचा अर्थ सहा अँपिअरच्या आसपास. जुन्या आराखड्यात या सहा अँपिअरांचा हिशेब आधीच करून ठेवलेला असे: पाच हेडलाइटला, एक मागच्या व डॅशबोर्डच्या दिव्यांना. सारे खाणारे ताटावर बसले असतील, तोवर वाढप बरोबर होते.

हेडलाइटच्या जागी आपण दोनच अँपिअर घेणारा एल.ई.डी. बसविला. तीन अँपिअर शिल्लक उरले. ते जाणार कोठे? ते बाकीच्या दिव्यांतून वाट शोधतात आणि त्यांच्यावरचा दाब चढतो. तारेच्या बल्बचे आयुष्य दाबाच्या बाबतीत अतिशय हळवे असते. दाब दहा टक्के वाढला, तर आयुष्य एक-तृतीयांशाच्याही खाली येते. जुन्या स्कूटरवाल्यांचा अनुभव आठवा: एक बल्ब उडाला की पाठोपाठ दुसरा उडायचा. कारण हेच.

पुढच्या काळातील गाड्यांत यासाठी दाबनियंत्रक आला. दाब १४ व्होल्टच्या आसपास गेला, की तो जादा प्रवाह आपल्या अंगावरून बॉडीकडे वळवतो. त्यामुळे तो तापतो. तो धातूच्या भागाला घट्ट आवळलेला असतो, तो उष्णता निघून जावी म्हणून. एल.ई.डी. लावल्यावर त्याच्यावरचे काम वाढते, म्हणून दिवा बदलण्याआधी नियंत्रक आहे का आणि तो शाबूत आहे का, हे मीटर लावून पाहणे मला तरी सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक जण ते शेवटी पाहतात, तेही काही जळाल्यावर.

आणखी एक हिशेब. नियंत्रकाने १४ व्होल्टवर धरलेली वीज पूल व धारित्र यांतून नेली, तर पलीकडे किती व्होल्ट मिळतील? प्रत्यावर्ती दाबाचा १४ हा आकडा एक प्रकारची सरासरी असतो. शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे १९.८. पुलातील दोन डायोडांत १.४ व्होल्ट जातात. उरले १८.४. लहर शुद्ध ज्या-वक्राची नसल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा वेगळा येईल, पण धारित्र शिखरापर्यंत भरते ही गोष्ट खरी. डॅशबोर्डच्या छोट्या एल.ई.डी. बल्बमध्ये बहुधा तीन डायोड एकापाठोपाठ आणि त्यांच्यासोबत एक रोधक असतो. प्रत्येक डायोड ३ व्होल्ट घेतो. मोटारीच्या १३.५ व्होल्टला ४.५ व्होल्ट रोधकावर उरतात. रोधक २२० ओहमचा असेल, तर प्रवाह २० मिलिअँपिअर, म्हणजे अगदी योग्य. तोच बल्ब १८.४ व्होल्टला जोडा: ९.४ भागिले २२०, म्हणजे ४३ मिलिअँपिअर. दाब एक-तृतीयांशाने वाढला आणि प्रवाह मात्र दुपटीवर गेला! उलट, इंजिन मंद होऊन दाब १० व्होल्टवर आला की प्रवाह साडेचार मिलिअँपिअर, चौथ्या हिश्शाच्या आसपास. म्हणून हेडलाइटसारख्या मोठ्या एल.ई.डी.मध्ये नुसता रोधक ठेवत नाहीत. दाब कितीही हलला तरी प्रवाह कायम ठेवणारे एक इलेक्ट्रॉनी मंडल त्यात असते. ते मंडल ‘९ ते ३२ व्होल्ट’ अशा ऐसपैस मर्यादेत काम करणारे असेल, तर मंद चालीत हेडलाइट मंद होण्याची जुनी तक्रार उरत नाही. तारेच्या बल्बचे काय होते, तेही सांगतो. त्याचा प्रकाश दाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताने बदलतो; १३.२ चे १० व्होल्ट झाले, की प्रकाश ४० टक्क्यांच्याही खाली जातो.

एल.ई.डी.च्या बाजूने बोलायचे तर हाच त्याचा खरा फायदा. पेट्रोलची बचत वगैरे म्हणतात, त्यात तथ्य नाही. चाळीस किलोवॉटच्या इंजिनापुढे वाचलेले ३०-४० वॉट म्हणजे हजारात एक भाग. पण २०० वॉटच्या कॉइलपुढे ते खूप आहेत. हिमगाडीच्या हँडलच्या मुठी विजेने तापविलेल्या असतात. उणे वीस अंशांत वाऱ्यात बोटे बधिर झाली की ब्रेकसुद्धा दाबता येत नाही. दिव्याने सोडलेले वॉट मुठींना मिळाले, तर ती चैन नव्हे.

झोत कोठे पडतो?

दिवा तेजस्वी असणे आणि वाट दिसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. हेडलाइटचा परावर्तक अन्वस्ताच्या आकाराचा असतो. नाभीपाशी ठेवलेल्या दिव्याचे किरण त्यावरून परतताना समांतर होतात, हे तुम्ही शिकला आहात. एच-४ बल्बमध्ये तारा दोन असतात. लांबच्या झोताची तार नाभीपाशी असते. जवळच्या झोताची तार नाभीच्या किंचित पुढे असते आणि तिच्याखाली धातूची एक इवलीशी पन्हळ असते. ही पन्हळ खाली जाणारे किरण अडवते. फक्त परावर्तकाच्या वरच्या अर्ध्यावरून परतलेले किरण बाहेर पडतात, आणि ते जमिनीकडे झुकलेले असतात. समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जाऊ नये, एवढ्यासाठी ही सारी योजना.

एल.ई.डी. बल्बमध्ये तारेऐवजी चपट्या चकत्या असतात. तारेभोवती चहूकडे प्रकाश जातो, चकती मात्र आपल्या एका बाजूलाच प्रकाश टाकते. म्हणून बल्बच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून चकत्या बसवतात. त्यांच्यामधला धातू जितका जाड, तितक्या त्या तारेच्या मूळ जागेपासून दूर. समजा, परावर्तकाचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर आहे आणि चकती वर किंवा खाली फक्त १ मिलिमीटर सरकली. झोत पंचविसात एक या प्रमाणात कलेल, म्हणजे ५० मीटरवर तब्बल २ मीटर वर किंवा खाली! एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीच्या दुपटीइतका. बल्ब होल्डरमध्ये फिरवता येत असेल, तर चकत्या डावी-उजवीकडे तोंड करून राहतील असा बसवावा, वर-खाली नव्हे. कारण मूळ तारही आडवी, पुढून मागे गेलेली असते आणि बाजूने पाहता एक बारीक रेघ दिसते. मग भिंतीपासून काही मीटरवर गाडी उभी करून, जुन्या बल्बच्या झोताची वरची कड खडूने आखून, नव्याची कड तिच्याशी ताडून पाहावी. ती जुळत नसेल, तर बल्ब कितीही महाग असो, काढून ठेवावा.

याचे महत्त्व एका हिशेबाने कळेल. ताशी ६० किलोमीटर वेगाची हिमगाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. समोर काही दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर कापले गेले. घट्ट बर्फावर वेग सेकंदाला सेकंदी ३ मीटरने घटतो असे धरले, तर थांबायला आणखी ४६ मीटर. एकूण ७१. उपयोगी झोत ६० मीटरचा असेल, तर कुंपणाची तार किंवा तळ्यावरची फट दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. झोत योग्य जागी आणि लांब पडला तरच नव्या दिव्याचा उपयोग. नुसता गाडीच्या नाकासमोरचा बर्फ लखलखीत झाला, तर बुबुळे आकसतात आणि दूरचे उलट कमीच दिसते. बर्फ पडत असताना तर जास्त प्रकाश म्हणजे हिमकणांवरून जास्त प्रकाश डोळ्यांत परत. पिवळा प्रकाश त्यातून अधिक भेदून जातो, अशी समजूत आहे. पण हिमकण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा प्रचंड मोठे असल्याने ते सगळे रंग सारखेच विखुरतात.

थंड दिव्याची अडचण

एल.ई.डी.ला थंडी मानवते. तापमान कमी असेल तर तो अधिक प्रकाश देतो आणि अधिक टिकतो. त्याची उष्णता मात्र मागच्या बाजूने, पंखा किंवा धातूच्या पाकळ्या यांतून निघते. पुढे जाणाऱ्या किरणांत अवरक्त भाग जवळजवळ नसतो. परिणामी पुढची काच थंड राहते.

जुन्या बल्बची ‘वाया’ जाणारी उष्णता काय करीत होती, ते मोजू. काचेपर्यंत ३० वॉट पोहोचतात असे समजा. उणे १० अंशांचा १ ग्रॅम बर्फ वितळवायला आधी २१ ज्यूल तापवण्यासाठी आणि मग ३३४ ज्यूल वितळवण्यासाठी, मिळून ३५५ ज्यूल लागतात. ३० ला ३५५ ने भागून ६० ने गुणले, तर मिनिटाला ५ ग्रॅम. वाऱ्याने बरीच उष्णता पळते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून पुष्कळ कमी. तरीही काच मोकळी ठेवायला ती बहुधा पुरते. एल.ई.डी.पुढे हा बर्फ साचतच राहतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत चौकांतील एल.ई.डी. सिग्नल असेच बर्फाने झाकले गेल्याच्या बातम्या आल्या, आणि इलिनॉय राज्यातील एका जीवघेण्या अपघाताशीही याचा संबंध जोडला गेला. तेव्हा एल.ई.डी. लावणाऱ्याने अधूनमधून थांबून काच पुसण्याची सवय ठेवावी, हाच साधा उपाय.

डॅशबोर्डचे दिवे

यांविषयी थोडक्यात. हे बल्ब काचेच्या पाचरीसारख्या बुडाचे असतात आणि नुसते दाबून बसतात. एल.ई.डी.ला धन-ऋण बाजू असल्याने एकदिश वीज असलेल्या गाडीत तो पेटला नाही, तर उलटा करून बसवावा. वेगमापकाच्या तबकडीमागे हिरवी किंवा निळी टोपी असेल, तर त्याच रंगाचा एल.ई.डी. घ्यावा, पांढऱ्याच्या प्रकाशात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसल्याने छटा बिघडते. आणि फार तेजस्वी तर मुळीच घेऊ नये. अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो. तबकडीच्या झगझगाटाने ती कमाई क्षणात जाते.

डोंगराळ मुलखात आणखी एक काळजी घ्यावी लागते. हिमकडा कोसळून कोणी गाडले गेले, तर शोध घेण्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारे छोटे यंत्र असते. एल.ई.डी.चे मंडल सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करते, आणि त्याचा उपद्रव या यंत्राला होऊ शकतो. विजेच्या इतर उपकरणांपासून ते संदेश देताना २० सेंटिमीटर आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर तरी दूर ठेवावे असे सांगतात. शोधाच्या वेळी हिमगाडी बंद करून तिच्यापासून दूर जावे, तेही यासाठीच.

करून पाहा

हिमगाडी नसली तरी सायकलचा डायनामो मिळेल. तोही मॅग्नेटोच. एक लाल व एक हिरवा एल.ई.डी. घेऊन ते परस्परांच्या उलट दिशेने समांतर जोडा, म्हणजे एकाची लांब तार दुसऱ्याच्या आखूड तारेला. या जोडीबरोबर ४७० ओहमचा रोधक एकसरीत लावा आणि ती डायनामोच्या टोकांना, सायकलचा मूळ ६ व्होल्टचा बल्ब तसाच ठेवून, जोडा. मूळ बल्ब काढू नका. तो काढला तर दाब किती चढेल आणि का, ते वर आलेच आहे. सायकल उलटी करून चाक हाताने अगदी सावकाश फिरवा. लाल, हिरवा, लाल, हिरवा असे दिवे आळीपाळीने लागताना दिसतील, तर मूळ बल्बची तार मंदपणे लालसर राहील किंवा पेटणारही नाही. चाक जोरात फिरवा. दोन्ही एल.ई.डी. सतत पेटलेले भासतील. आता खोलीत अंधार करून एल.ई.डी.ची जोडी वायरीसकट हातात धरून झपकन आडवी फिरवा. हवेत एक सलग रेघ न दिसता लाल-हिरव्या तुकड्यांची माळ दिसेल. हाताचा वेग तोच ठेवून चाकाचा वेग बदला आणि तुकडे लहान होतात की मोठे, ते वहीत लिहा.